दत्तक गेलेली गिरण

आमच्या गिरणीतून निघणारा तांदूळ माणसांकडं जायचा, कोंडा गाईम्हशींकडं, कणी कोंबड्यांकडं. तूस मात्र कुठंच जायचं नाही. भाताच्या दाण्याचं वरचं टरफल म्हणजे तूस. गुरं त्याला तोंड लावत नाहीत, चुलीत घातलं तर नुसता धूर, शेतात टाकलं तर वर्ष उलटलं तरी कुजत नाही. गिरणीमागं त्याचा डोंगर व्हायचा आणि वारा सुटला की शेजारणी भांडायला यायच्या. असल्या निकामी वस्तूपायी मी एका मोठ्या पोलादाच्या कारखान्याला दत्तक गेले होते. ते लिहून द्या, असं तुमच्या अंकाच्या मंडळींनी सांगितलं. मी शाळेत फार गेले नाही. वाचायला शिकले ती एसटीवरच्या पाट्यांवरनं आणि पुड्यांच्या कागदांवरनं. तेव्हा बोलते तसंच लिहिणार, सांभाळून घ्या.

गिरण खालापूरच्या अलीकडं, खोपोलीला जाणाऱ्या रस्त्याला लागून. मालकांना, म्हणजे माझ्या यजमानांना, भुशानं दमा जडला तेव्हापासून पट्टा चढवण्यापासून गिऱ्हाइकांशी वाद घालण्यापर्यंत सगळं माझ्याकडं आलं. लोक मला गिरणीवाली काकी म्हणायला लागले तेव्हा मी तिशीसुद्धा ओलांडली नव्हती.

आणीबाणी उठल्यानंतरची ती वर्षं. सरकारनं तेव्हा असं काढलं होतं की मोठ्या कारखान्यांनी आजूबाजूचे छोटे धंदे हाताशी धरायचे, त्यांना काम शिकवायचं, त्यांचा माल विकत घ्यायचा. जो कारखाना असं करील त्याला विक्रीकरात सूट, जादा विजेची परवानगी लवकर, असं काय काय मिळायचं. कागदावर त्याचं नाव भलतंच लांब होतं. आम्ही सगळे ‘दत्तक’ म्हणायचो. दत्तक घेतलेल्या धंद्यावर कारखान्यातला एक माणूस पालक म्हणून नेमलेला असायचा. त्यानं महिन्यातून दोनदा यायचं, शिकवायचं, माल तपासायचा आणि फॉर्म भरायचा. ते फॉर्म बघायला अलिबागहून साहेब यायचे. ठरलेल्या आकड्यातला एक जरी दत्तक कमी झाला तरी कारखान्याची सगळी सवलत अडायची.

आता आकडाच भरायचा म्हटल्यावर लोक कसाही भरतात. जवळच्या कुंभिवलीला एका भिंतीवर ‘लाकडी खोके निर्मिती केंद्र’ असा बोर्ड लागला होता. आत म्हैस बांधलेली. तीही दत्तकच.

आमच्या वाट्याला मात्र खराखुरा पालक आला. परकार फोरमन. महाडकडचे कोकणी मुसलमान, खोपोलीत बिऱ्हाड, उंच, वाकून चालणारे. एक दिवस स्कूटर लावून सरळ तुसाच्या ढिगावर चढले, मूठभर तूस घेऊन फुंकरीनं उडवून बघितलं.

“हे तूस कोनाचं?”

मला वाटलं, कुणाची तरी तक्रार घेऊन आलेत. “माझंच हाय. उचलून न्यायचं असलं तर आजच न्या.”

“नेनार. पन जाळून.”

मग तिथंच बाजेवर बसून त्यांनी समजावलं. कारखान्यात पोलाद वितळवून एका मोठ्या बादलीत ओततात. बादली म्हणजे खोलीएवढी, तिला ते लोक लॅडल म्हणतात. ओतल्यावर पोलाद वरनं निवायला लागतं. तसं होऊ नये म्हणून त्याच्यावर जळक्या तुसाचा जाड थर टाकतात. गोधडी पांघरल्यासारखा. ती राख त्यांच्याकडं लांबून, रेल्वेनं यायची. इथं ढीगच्या ढीग पडलेत, मग इथंच का करू नये, असं त्यांच्या डोक्यात आलं होतं.

पण राख कशीही चालायची नाही. काळी हवी, दाणा न् दाणा अख्खा, हलकी. जास्त जळून पांढरी पडली की तिचं पीठ होतं आणि ती उडून जाते. आणि कोरडी हवी, अगदी कोरडी. परकारभाईंनी हे तीनदा सांगितलं. “ताई, वितळल्या पोलादावर पान्याचा थेंब गेला ना, तर तो थेंब राहत नाय. बार होतो.”

गावात कळल्यावर आधी थट्टा झाली. आमच्यात सगुणा म्हणून एक होती, हाताला कामसू आणि जिभेला धारदार. ती म्हणाली, “या वयात दत्तक गेलीस व्हय गं काकी? आता तुजं नाव बदलनार का आडनाव?”

“दोनी बदलीन. तू येनार का कामाला?”

“येते की. बगू तरी तुजा नवा बाप कसा हाय.”

अशा आम्ही नऊजणी झालो.

पहिला ढीग परकारभाईंनी स्वतः लावला. मधे भोकांचा पत्र्याचा नळ उभा केला, भोवती तूस रचलं, तळाशी निखारे घातले, हातात घड्याळ घेऊन उभे राहिले. त्यांच्या चित्राप्रमाणं सगळं बरोबर होतं. दुपारी बघतो तर अर्धा ढीग पांढरा.

सगुणा पदर तोंडाला लावून हसली. “सायब, तुमचा राब जलला.”

राब म्हणजे काय ते आमच्या भागाबाहेरच्यांना सांगायला हवं. पावसाआधी आम्ही रोपांची जागा भाजून घेतो. शेण, झाडाचा पाला, गवत असे थर घालायचे, वर मातीचा हात फिरवायचा आणि पेटवायचं. भडका उडाला तर काम फुकट. जमीन सावकाश भाजली पाहिजे. म्हणून वारा जातो त्या टोकाला विस्तव लावायचा, मग तो वाऱ्याच्या तोंडाला हळूहळू सरकतो. आमच्या बायका हे लहानपणापासून करत आलेल्या. विस्तवाला कुठं थांबवायचं नि कुठं सोडायचं हे त्यांच्या हातात असतं, ते घड्याळात सापडत नाही.

सगुणानं दुसरा ढीग लावला. वाऱ्याकडं पाठ करून बसली, काळं वर यायला लागलं की दाताळ्यानं ओढून कच्चं-जळकं वर-खाली करत राहिली. संध्याकाळी सगळा ढीग कावळ्यासारखा काळा. परकारभाईंनी बूट काढून तिच्या शेजारी बैठक मारली आणि दोन तास नुसतं बघत राहिले. उठताना मला म्हणाले, “फॉर्मात ‘पालकाने घटकाला काय शिकवले’ असा रकाना हाय, घटक म्हंजे तुमी. उलटा रकाना नाय. आता काय लिहू?”

तरी त्यांनीही आम्हाला खूप शिकवलं. पहिल्या मालात आम्ही सवयीनं वरनं माती मारली होती, तो सगळा टेंपो कारखान्यानं परत पाठवला. राखेत मातीचा कण चालत नाही, हे पहिलं. दुसरं, काळी झालेली राख विझवायची कशी. पाणी तर घालायचं नाही. मग ती गरम गरमच पत्र्याच्या पिंपात भरायची, झाकण गच्च लावायचं, फटीला ओली नव्हे तर सुकी माती लावायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत हात लावायचा नाही. कोंडून विझवायची. आणि तिसरी त्यांची ती ग्लासाची युक्ती. मूठभर राख डब्याच्या झाकणात घेऊन स्टोवर धरायची, वर काचेचा ग्लास उपडा. ग्लास आतनं धुकटला तर माल ओला. स्वच्छ राहिला तर पोती शिवा. प्रत्येक टेंपोमागं एकदा ग्लास धरायचाच, असा नियम. मला त्या ग्लासाचा फार अभिमान होता. कुणी पाहुणा आला की मी त्याला ग्लास धरून दाखवायची. माझी जाऊ म्हणायची, “हिच्याकडं चा पन त्याच ग्लासात मिळतो काय, इचारून घ्या.”

अशी दीड-दोन वर्षं चांगली गेली. मग तो दिवस आला.

उन्हाळा सरत आलेला. सकाळपासून घाटाकडनं वारा सुटला होता, असा की दाराच्या कड्या वाजत होत्या. पिंपं उघडून राख जमिनीवर पसरली होती, पोत्यांत भरायची होती. टेंपो दारात उभा. वारा राखेत शिरला आणि सगळं काळं झालं. रस्त्यावरचे लोक डोळे चोळायला लागले, शेजारचे वाळत घातलेले कपडे खराब झाले, टेंपोवाला ओरडतोय, “काकी, माझी गाडी काली करून पाटवतेस व्हय?” आणि माल तर डोळ्यांदेखत उडून चाललेला.

मी तांब्या घेतला आणि बोटांनी राखेवर पाणी शिंपडलं.

हे मी का केलं, असं मला पुष्कळांनी विचारलं. राब भाजून झाला आणि वारा सुटला तर आमच्याकडं बायका हेच करतात. बोटांनी पाणी शिंपडतात, म्हणजे राख बसते, शेताबाहेर उडत नाही. माझ्या आईनं केलं, सासूनं केलं. राख उडताना दिसली की माझा हात तांब्याकडं जातो, तो डोक्याला विचारत नाही. आणि शिंपडलं तरी किती, देवाच्या पूजेनंतर तीर्थ शिंपडतात तेवढं. राख बसली. तासाभरानं वरनं हाताला कोरडी लागली. आम्ही पोती भरली, शिवली, टेंपो गेला.

ग्लास धरला नाही. टेंपोवाला घाईत होता. खरं सांगायचं तर घाई त्याची नव्हतीच, मीच टाळलं. धुकटला असता तर मला तो माल थांबवावा लागला असता.

परकारभाई त्या आठवड्यात महाडला होते, मुलीचं लग्न होतं. आल्यावर त्यांनी न बघता फॉर्मावर सही केली. ‘ओलावा तपासला. समाधानकारक.’ माझ्यावर विश्वास होता म्हणून.

त्या सहीनंतर चौथ्या की पाचव्या दिवशी बातमी आली. लॅडलवर राख टाकताना बार झाला आणि चंदर म्हणून एक कामगार भाजला. उजवा हात खांद्यापर्यंत आणि मानेची एक बाजू. जीव वाचला, पण मुंबईच्या इस्पितळात नेलं होतं. चंदर कुंभिवलीच्या पलीकडच्या वाडीतला, त्याच्या बापाचं भात आमच्याच गिरणीवर यायचं. सगुणानं माझ्याकडं बघितलं, मी तिच्याकडं. तिला ठाऊक होतं, तिनंच तर तांब्या भरून दिला होता.

चौकशी लागली. अलिबागचे साहेब येणार होते. त्याच्या आदल्या दिवशी कारखान्याचे मॅनेजर गाडी घेऊन गिरणीवर आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. माणूस वाईट नव्हता. पाणी प्यायले, पंख्याखाली बसले, मालकांच्या दम्याची चौकशी केली. मग म्हणाले, “काकू, तुम्ही घाबरू नका. तुमची गिरण आम्हाला ठेवायचीच आहे. एक दत्तक गेला की वरची सगळी फाईल परत येते. उद्या तुम्ही एवढंच सांगायचं, माल इथून कोरडा निघाला. पुढं आमच्या शेडमध्ये काय झालं ते आम्ही बघू.”

“म्हणजे परकारभाईंचं काय?”

“तपासणीवर सही त्यांची आहे. शेडही त्यांच्याच ताब्यात.” मग जरा थांबून म्हणाले, “त्यांच्या नोकरीची दोनच वर्षं राहिलीत.”

तेव्हा मला ती योजना पहिल्यांदा नीट कळली. सरकारनं आम्हा लहानांना सांभाळा म्हणून मोठ्यांना सवलत दिली होती. आता ती सवलत सांभाळायला कारखाना स्वतःच्या माणसाला सोडून द्यायला तयार होता. मी वाचावं यात सगळ्यांचा फायदा होता. एक परकारभाई सोडून.

मी बायकांना गोळा करून सगळं सांगितलं. म्हटलं, खरं बोलले तर गिरण दत्तकातनं जाईल, राखेचं काम बंद. खोटं बोलले तर त्या माणसाची नोकरी जाईल. सगुणाचा नवरा तेव्हा अंथरुणाला खिळलेला, घर तिच्या मजुरीवर चाललेलं. ती म्हणाली, “तुला गिरण हाय गं. भात भरडायला लोक येतच राहतील. खरं बोलायला तुला परवडंल. आमच्या आठ जनींचं काय?”

घरी जाताना मी ठरवलं होतं की मॅनेजर सांगतात तसंच बोलायचं. हे मी कबूल करते.

दुसऱ्या दिवशी कारखान्याच्या एका थंडगार खोलीत आम्ही चौघं. अलिबागचे साहेब, मॅनेजर, परकारभाई आणि मी. परकारभाई समोर बघत नव्हते. साहेबांनी एकेक फॉर्म वाचला. समाधानकारक, समाधानकारक. मग चष्मा काढून माझ्याकडं वळले आणि लहान पोराशी बोलावं तसं म्हणाले, “बाई, ओलावा म्हणजे काय, ते तुम्हाला कुणी कधी समजावून सांगितलं होतं का?”

मॅनेजर हलकेच म्हणाले, “साहेब, खेड्यातल्या बाया आहेत, त्यांना एवढं तांत्रिक…”

मला राग आला. दुसरं काही नाही. सत्याची चाड वगैरे नाही, राग. दोन वर्षं मी पाहुण्यारावळ्यांना ते दाखवत होते आणि हे म्हणतात, बाईला कळत नाही. मी म्हटलं, “चांगलं समजावलंय. मूठभर राख झाकणात घ्यायची, स्टोवर धरायची, वर ग्लास उपडा घालायचा. ग्लास धुकटला की माल ओला. परकारभाईंनी शिकवलंय. माझ्या नवऱ्याला येतं, माझ्या जावेला येतं.”

साहेब पुढं वाकले. “मग त्या दिवशी ग्लास धरला होता?”

आता गप्प बसायला जागाच उरली नव्हती. मी म्हटलं, “नाही. त्या दिवशी वारा होता. राख उडत होती म्हणून मी पाणी शिंपडलं. मी, माझ्या हातानं. नि ग्लास धरला नाही.”

साहेबांनी फॉर्म पुढं ओढला. ‘घटकाचा दोष’ असा एक रकाना होता, त्यात लिहिलं.

बाहेर गेटाशी परकारभाई भेटले. त्यांना न बघता सही केल्याबद्दल मेमो मिळाला, नोकरी राहिली. मला वाटलं होतं, बरं वाटलं असेल त्यांना. पण ते रागावलेच होते. “ताई, गप बसायचं होतंत. माजी दोन वर्षं कशी पन निघाली असती. तुमच्या त्या बायांनी आता काय करायचं?” ते स्कूटरला किक मारत राहिले, ती लवकर चालू होईना, आणि आम्ही दोघं तसेच उभे.

गिरण दत्तकातनं गेली. कारखान्याचा आकडा महिन्याभरात भरला. आणखी एका भिंतीवर बोर्ड लागला, म्हशीची मला कल्पना नाही. राख पुन्हा रेल्वेनं यायला लागली. आमच्या बायका पांगल्या. दोघी वीटभट्टीवर, एक मुंबईला घरकामाला. सगुणा लांबच्या गावी भारे वाहायला जायची, माझ्या दारावरनं जाताना मान वळवून जायची. तिचं भात तिनं दुसऱ्या गिरणीवर न्यायला सुरुवात केली. तिचं काही चुकलं असं मला वाटत नाही. मी बोलले ते खरं होतं, पण त्याचा भार तिच्या डोक्यावर पडला.

लोक विचारतात, ती योजना चांगली होती का वाईट. मला इतकंच कळतं की तिच्यात शिकवण्याचा रकाना होता, शिकलेल्या बायकांचा नव्हता. चूक झाल्यावर आम्हाला परत शिकवा, असं कुठं लिहिलेलं नव्हतं. दत्तक ठेवा किंवा काढा, एवढंच. स्वतःच्या पोराला कुणी असं करत नाही.

चंदरकडं जायला मला फार उशीर झाला. तो इस्पितळातनं घरी आला हे कळलं होतं, पण पाय उचलत नव्हता. शेवटी नवा तांदूळ पिशवीत घेतला आणि एकटीच गेले. वाडीतलं शेवटचं घर. तो पडवीत बसला होता. हात छातीशी धरलेला, कातडं ताणल्यासारखं चकाकत होतं, बोटं पुरती मिटत नव्हती. मला बघून उठायला लागला.

“बस रं,” मी म्हटलं. “मी तुला सांगायला आलेय. ती राख ओली होती. पानी मी मारलं होतं.”

मला वाटलं, आता शिव्या देईल. त्या ऐकायच्या म्हणूनच गेले होते. पण तो माझ्याकडं बघतच राहिला.

“काकी, खरंच तुमी मारलंत?”

“खरंच.”

“मला कारखान्यात सांगितलं, तू घमेलं जोरात फेकलंस म्हनून उडालं.” तो हळूहळू बोलत होता. “मी रोज टाकायचो तसंच टाकलं होतं. पन सगले म्हनतात तर असंल, असं मला वाटाया लागलं. इस्पितळात मी नुसता आठवत पडायचो, हात कसा गेला, किती जोरात गेला. मंग मलापन तसंच आठवाया लागलं. बापूस म्हनतो, तुज्या हातात पहिल्यापासूनच धसमुसलेपना.”

चौकशीत त्याचं नावसुद्धा कुणी नीट घेतलं नव्हतं. मीही नाही. सगळा वेळ माझ्या डोक्यात परकारभाई आणि माझ्या बायका.

तो उठला. आत गेला, बायकोला बाहेर घेऊन आला. तिच्या हाताला भाकरीचं पीठ तसंच. मागनं म्हातारा बापही काठी टेकत दारात आला.

चंदर म्हणाला, “काकी, आता ह्यांना पन सांगा.”

मी त्यांच्यासमोर उभी राहिले आणि पुन्हा पहिल्यापासून सांगितलं.